शाळेच्या इमारतीसाठी एक सेंट

शाळा चालविणे आणि शाळा बांधणे ही दोन कामे वरवर पाहता एकच वाटतात. परंतु पैशाच्या दृष्टीने ती अगदी भिन्न आहेत. शाळा चालविण्याचा खर्च दरमहाचा असतो. शिक्षकांचे पगार, वीज, पाणी, खडू, पुस्तके यांवर तो होत राहतो आणि वार्षिक अंदाजपत्रकात बसविता येतो. इमारतीचा खर्च चाळीस-पन्नास वर्षांतून एकदाच येतो, पण आला म्हणजे डोंगरासारखा उभा राहतो. छप्पर गळू लागले किंवा मुलांची संख्या दुप्पट झाली, की तो पुढे ढकलताही येत नाही. हा पैसा कोणी द्यावा, कोणत्या मार्गाने द्यावा आणि कोणाच्या संमतीने तो गोळा व्हावा, हे प्रश्न प्रत्येक समाजाला आपापल्या परीने सोडवावे लागतात.

आपल्याकडे या प्रश्नाची जुनी उत्तरे तीन: सरकारी अनुदान, गावाची लोकवर्गणी आणि एखाद्या दानशूर गृहस्थाची देणगी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील काही राज्यांनी मात्र एक चौथे उत्तर शोधून काढले आहे. तेथे एखाद्या भागातील मतदार मतपेटीपाशी जाऊन स्वतःवरच एक टक्का जादा विक्रीकर बसवून घेतात. हा कर ठराविक वर्षांपुरता असतो आणि त्यातून येणारा पैसा शाळांच्या इमारती व तत्सम कायम स्वरूपाच्या कामांसाठीच वापरावा लागतो. लोक आपणहून कर मागून घेतात, ही गोष्ट ऐकणाऱ्याला नवलाची वाटेल. परंतु ती घडते, पुन्हा पुन्हा घडते, आणि तिच्यामागे एक विचारपूर्वक आखलेली व्यवस्था आहे. त्या व्यवस्थेचे गुण जसे बोधप्रद आहेत, तसे तिचे दोषही बोधप्रद आहेत.

घरपट्टीवर उभ्या असलेल्या शाळा

ही व्यवस्था समजण्यासाठी अमेरिकेतील शाळांचा कारभार थोडक्यात ध्यानात घ्यावयास हवा. तेथे सार्वजनिक शाळा मध्यवर्ती सरकार चालवीत नाही. घटक राज्ये कायदे करतात व अनुदान देतात. प्रत्यक्ष कारभार स्थानिक शाळा मंडळांकडे असतो. या मंडळांचे सभासद बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेले असतात. मंडळाची हद्द कोठे एका नगरापुरती असते, तर कोठे संपूर्ण कौंटीएवढी. कौंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्या-तालुक्यासारखा प्रशासकीय विभाग होय.

या शाळा मंडळांचे पिढ्यान् पिढ्यांचे मुख्य स्थानिक उत्पन्न म्हणजे घरादारांवरील व जमिनीवरील कर, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टी. नवी इमारत बांधावयाची असेल तर मंडळ मतदारांची परवानगी घेऊन कर्जरोखे काढते आणि पुढील वीस-पंचवीस वर्षे घरपट्टीत वाढ करून ते कर्ज व्याजासह फेडते. या पद्धतीत दोन अडचणी उद्भवतात. घरपट्टीचे बिल वर्षातून एकदा-दोनदा एकदम हातात पडते, त्यामुळे ते डोळ्यांत भरते. निवृत्तिवेतनावर राहणारे वृद्ध, ज्यांच्या घराची किंमत वाढली परंतु प्राप्ती वाढली नाही, त्यांना ते जाचक होते. दुसरे असे की, वीस वर्षांच्या व्याजाने इमारतीची किंमत पुष्कळच वाढते. म्हणून घरपट्टीवाढीचा विषय निघाला म्हणजे शाळेवर प्रेम असलेला मतदारही हात आखडता घेतो.

जॉर्जियाचा प्रयोग

अमेरिकेच्या आग्नेय भागात जॉर्जिया नावाचे राज्य आहे. अटलांटा ही त्याची राजधानी, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे हे जन्मगाव. या राज्यात १५९ कौंट्या असून काही जुन्या नगरांची स्वतंत्र शाळा मंडळे धरून एकंदर १८० सार्वजनिक शाळा मंडळे आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अटलांटाच्या भोवतालच्या कौंट्यांची वस्ती विलक्षण वेगाने वाढली. ग्विनेट कौंटीचेच उदाहरण घ्यावे. १९७० साली तिची लोकसंख्या सुमारे ७२ हजार होती. २००० साली ती ५ लाख ८८ हजारांवर गेली आणि २०२० च्या शिरगणतीत ती ९ लाख ५७ हजार भरली. जेथे शेते व रानमाळ होते तेथे घरांच्या रांगा उठल्या. घरांमागोमाग मुले आली, आणि मुलांना बसावयास वर्ग पुरेनात. शाळांच्या मैदानांवर चाकांवरून आणलेल्या तात्पुरत्या खोल्या उभ्या राहिल्या व त्यांत वर्ग भरू लागले.

जॉर्जियात १९८५ पासून कौंट्यांना रस्ते, पूल, न्यायालयाची इमारत अशा ठरलेल्या कामांसाठी मतदारांच्या संमतीने एक टक्का विक्रीकर बसविता येत होता. शाळा मंडळांना मात्र हा अधिकार नव्हता. नोव्हेंबर १९९६ मध्ये राज्यघटनेतील दुरुस्ती मतदारांपुढे ठेवण्यात आली व ती संमत झाली. त्यानुसार १९९७ पासून शाळा मंडळांनाही असा कर मतदारांकडे मागण्याचा अधिकार मिळाला. तेव्हापासून राज्यातील बहुतेक शाळा मंडळांनी त्याचा उपयोग केला असून अनेक ठिकाणी तो पाच-पाच वर्षांनी पुन्हा संमत होत आला आहे. बोलण्याच्या भाषेत लोक त्याला एका सेंटचा कर म्हणतात, कारण एका डॉलरच्या खरेदीवर एक सेंट, म्हणजे शंभरातला एक भाग, शाळेकडे जातो. आज अटलांटाच्या उपनगरांत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबेही दुकानात पैसे चुकते करताना हा सेंट देत असतात, आणि त्यांची मुले त्यातून उभ्या राहिलेल्या वर्गांत शिकत असतात.

संमतीची रीत

या कराचा विधी मोठा काटेकोर आहे. प्रथम शाळा मंडळाने ठराव करावयाचा. त्या ठरावात तीन गोष्टी स्पष्ट असल्या पाहिजेत: कोणती कामे करावयाची, त्यांना जास्तीत जास्त किती खर्च येईल, आणि कर किती काळ चालेल. हा काळ पाच वर्षांहून अधिक असता कामा नये. एकाच कौंटीत नगराचे व कौंटीचे अशी दोन मंडळे असतील तर दोघांनी मिळून प्रस्ताव मांडावयाचा, आणि वाटणीविषयी वेगळा करार नसेल तर विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात पैसा वाटून घ्यावयाचा. त्यानंतर हा प्रश्न मतपत्रिकेवर छापला जातो. मतदाराने ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगावयाचे असते. साध्या बहुमताने निर्णय होतो. पाच वर्षे संपली की कर आपोआप संपतो. तो पुढे चालू ठेवावयाचा असेल तर मंडळाने कामांची नवी यादी घेऊन पुन्हा मतदारांच्या दारी गेले पाहिजे.

कर गोळा करण्याचे काम राज्याचे महसूल खाते करते. दुकानदार राज्याच्या करासोबतच हा एक टक्काही घेतो व खात्याकडे भरतो. वसुलीच्या खर्चापोटी खाते एकूण रकमेचा एक टक्का कापून घेते व उरलेली रक्कम शाळा मंडळाकडे पाठविते. मंडळाला त्यासाठी नवा कारकून किंवा नवे कार्यालय लागत नाही.

पैशाच्या वापरावर तर याहून कडक बंधने आहेत. या पैशातून नव्या इमारती, जुन्या इमारतींची डागडुजी, जमीन, शाळेच्या मोटारगाड्या, संगणक यांसारखी कायम स्वरूपाची साधने घेता येतात; तसेच पूर्वीचे इमारतकर्ज फेडता येते. शिक्षकांचे पगार किंवा रोजचा खर्च मात्र त्यातून भागविता येत नाही. कामे पुरी होऊन पैसा उरला तर तो मंडळाच्या कर्जफेडीस लावावयाचा. कर्जही नसेल तर तेवढ्या रकमेने घरपट्टीचा दर कमी करावयाचा. कोणत्या कामाचा मूळ अंदाज काय होता, आता तो किती झाला आणि आजवर किती खर्च पडला, हे दरवर्षी स्थानिक वर्तमानपत्रात छापून जाहीर करावे लागते. जेथे कराचे उत्पन्न वर्षाला ५० लाख डॉलर किंवा त्याहून अधिक आहे तेथे कामांची बाहेरून सतत तपासणी होते. थोडक्यात, मतदाराने केवळ पैसा दिलेला नसतो, त्याने एक करार केलेला असतो. आणि त्या कराराच्या अटी सर्वांच्या डोळ्यांपुढे असतात.

दिलेला शब्द

हा करार नुसता कागदावरचा नाही, याची प्रचीती अटलांटाजवळच्या कॉब कौंटीत आली. तेथील मतदारांनी २००३ साली कर संमत केला. मतदारांपुढे मांडलेल्या कामांत शाळांतील जुने झालेले संगणक बदलण्याचा उल्लेख होता. पुढे मंडळाच्या मनात एक मोठी योजना आली. सुमारे ६३ हजार लहान संगणक विकत घेऊन ते विद्यार्थ्यांच्या व शिक्षकांच्या हाती द्यावयाचे, असा तिचा आराखडा होता. २००५ साली हा वाद न्यायालयात गेला. जुनी यंत्रे बदलणे निराळे आणि प्रत्येक मुलाच्या हातात नवे यंत्र देणे निराळे. मतदारांना या दुसऱ्या गोष्टीची कल्पना दिलेली नव्हती, असे न्यायालयाला आढळून आले. त्या कराचा पैसा त्या योजनेसाठी वापरण्यास न्यायालयाने मनाई केली आणि योजना बारगळली.

येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, योजना चांगली की वाईट हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. मुलांच्या हाती संगणक देणे हा कदाचित उत्तम विचार असेलही. परंतु लोकांकडे एका कामासाठी मागितलेला पैसा दुसऱ्या कामासाठी, मग ते कितीही चांगले असो, परस्पर वापरता येत नाही. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत सद्हेतू हा संमतीचा पर्याय होऊ शकत नाही. ज्या लोकांना हा भरवसा वाटतो, तेच पाच वर्षांनी पुन्हा ‘होय’ म्हणावयास तयार होतात.

लोकांना हा कर का रुचतो?

या कराला मतदार अनुकूल का होतात, याची कारणे शोधणे कठीण नाही. पहिले कारण असे की, तो थेंबाथेंबाने जातो. दोनशे डॉलरच्या खरेदीवर दोन डॉलर जादा द्यावयाचे. ते घरपट्टीच्या बिलासारखे एकदम अंगावर येत नाहीत. दुसरे कारण, तो केवळ रहिवासी भरत नाहीत. हमरस्त्याने जाता जाता पेट घेतलेल्या भुकेपायी उपाहारगृहात थांबणारा प्रवासी, शेजारच्या कौंटीतून बाजाराला येणारी गृहिणी, हे सर्वच त्यात हातभार लावतात. आपल्या शाळेचा काही भार पाहुण्यांच्या खांद्यावर पडतो, याचे कोणाला बरे वाटणार नाही? तिसरे कारण व्याजाचे. पैसा जसजसा येईल तसतसे बांधकाम केले तर कर्ज कमी काढावे लागते, आणि सावकाराच्या घरी जाणारा पैसा विटा-सिमेंटात जातो.

चौथे कारण भार वाटला जाण्याचे आहे. कॉब कौंटीत ६२ वर्षांवरील घरमालकांना शाळेच्या नेहमीच्या घरपट्टीतून सूट मिळते. विक्रीकर मात्र वृद्ध, तरुण, घरमालक, भाडेकरू असे सर्वच भरतात. जे काम सर्वांच्या उपयोगाचे, त्यात सर्वांचा वाटा असावा, हे तत्त्व लोकांना पटते. आणि सर्वांत मोठे कारण पूर्वी सांगितलेलेच आहे: कर कशासाठी, किती आणि कोठवर, हे आधीच ठाऊक असते.

दुसरी बाजू

तथापि या नाण्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

विक्रीकराचा भार सर्वांवर पडतो खरा, पण तो सर्वांवर सारखा पडत नाही. ज्या कुटुंबाची मिळकत थोडी, ते ती जवळजवळ सगळी खरेदीतच घालविते. ज्याची मिळकत मोठी, त्याची पुष्कळशी रक्कम शिल्लक पडते किंवा गुंतवणुकीत जाते, आणि तिच्यावर विक्रीकर लागत नाही. म्हणून मिळकतीच्या मानाने पाहिले तर गरिबाचा वाटा श्रीमंताहून अधिक होतो. जॉर्जियात तर घरी नेण्याच्या धान्य-भाजीला राज्याचा ४ टक्के विक्रीकर माफ आहे. परंतु शाळेचा हा स्थानिक एक टक्का तिलाही लागू होतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे तेवढी वगळलेली आहेत. भाकरीवरचा एक सेंट लहान असला, तरी ज्याच्या खर्चाचा मोठा भाग भाकरीच आहे त्याला तो लहान वाटत नाही.

दुसरा दोष अनिश्चिततेचा. व्यापार भरभराटीत असला की करही भरभरून येतो; मंदी आली की तो आटतो. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अशा कराचे उत्पन्न अपेक्षेपेक्षा घटले, आणि अनेक मंडळांना ठरविलेली कामे लांबवावी किंवा आखडती घ्यावी लागली. तिसरा दोष मतदानाच्या मार्गातला. असा प्रश्न पुष्कळदा मोठ्या निवडणुकांपासून वेगळा, आडवेळी मतदानास येतो. त्या दिवशी मतदान थोडे होते, आणि थोड्यांचा कौल सर्वांचा कर होऊन बसतो.

परंतु सर्वांत गंभीर दोष वेगळाच आहे. विक्रीकर मुले जेथे राहतात तेथे गोळा होत नाही; तो दुकाने जेथे असतात तेथे गोळा होतो. ज्या कौंटीत मोठा बाजार आहे, हमरस्त्यावर उपाहारगृहे आहेत, तिची तिजोरी भरते. ज्या कौंटीत शेते, राने आणि चार दुकाने आहेत, तिला तोच एक टक्का बसवूनही थोडेच मिळते. एवढ्यावरच हे थांबत नाही. त्या लहान कौंटीतील माणसे कपडे, भांडी, यंत्रे घेण्यासाठी शेजारच्या मोठ्या बाजारात जातात आणि तेथे कर भरतात. म्हणजे आपल्या गळक्या शाळेचा पैसा शेजाऱ्याच्या नव्या शाळेला देऊन ती घरी परततात. मते दोन्हीकडे सारखीच पडली, त्यागही सारखाच झाला. फळ मात्र सारखे नाही.

आयोवाने काढलेला मार्ग

या दोषाशी प्रत्यक्ष झुंज देणारे दुसरे राज्य म्हणजे आयोवा. अमेरिकेच्या मध्यभागी असलेले हे राज्य मक्याच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे ९९ कौंट्या आहेत. शाळेसाठी कर्जरोखे काढावयाचे तर तेथे ६० टक्के मते अनुकूल पडावी लागतात, आणि कर्जाचा भार जमिनीवर पडत असल्याने शेतकरी तो घेण्यास सहजासहजी राजी होत नाही. १९९८ साली तेथील विधिमंडळाने कौंट्यांना साध्या बहुमताने, दहा वर्षांपर्यंत, शाळा बांधणीसाठी एक टक्का विक्रीकर बसविण्याची मुभा दिली. राजधानी डे मॉइन ज्या पोक कौंटीत आहे, तिने १९९९ मध्ये तो संमत केला व तेथील जुन्या शाळांचे नूतनीकरण हाती घेण्यात आले.

मोठ्या बाजारपेठा असलेल्या कौंट्यांना या कराने हात दिला. ग्रामीण कौंट्यांत मात्र वर सांगितलेली विषमता लवकरच दिसू लागली. दर विद्यार्थ्यामागे मिळणाऱ्या रकमेत एका कौंटीपासून दुसरीपर्यंत मोठे अंतर पडले. एका मुलाची शाळा नवी होते आणि दहा कोसांवरच्या दुसऱ्या मुलाची होत नाही, याचे कारण काय? तर पहिल्याच्या गावाजवळ बाजार आहे! हे कारण कोणत्याही शिक्षकाला समाधानकारक वाटणार नाही. २००३ साली विधिमंडळाने कमी उत्पन्नाच्या मंडळांना हातभार लावण्याची पहिली तरतूद केली. पुढे सर्व ९९ कौंट्यांनी हा कर स्वीकारला. तेव्हा २००८ मध्ये राज्याने धाडसी पाऊल टाकले. निरनिराळे कौंटी-कर रद्द करून संपूर्ण राज्याचा विक्रीकर ५ वरून ६ टक्के केला, आणि या वाढीव एका टक्क्याचा पैसा एका निधीत घालून तो विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात सर्व शाळा मंडळांना वाटण्याचे ठरविले. शेतातल्या मुलाच्या वाट्याला आता बाजारातल्या मुलाइतकीच रक्कम येऊ लागली. २०२९ मध्ये संपावयाची ही व्यवस्था २०१९ च्या कायद्याने २०५१ सालापर्यंत वाढविण्यात आली.

न्याय झाला, पण त्याची किंमतही द्यावी लागली. पूर्वी कौंटीचा मतदार दहा वर्षांनी कर नाकारू शकत होता. आता कर राज्याचा झाला, आणि त्याची मुदत विधिमंडळ ठरवू लागले. स्थानिक मतदाराच्या हाती उरला तो पैशाच्या विनियोगाचे निवेदन संमत करण्याचा अधिकार. आपल्या मंडळाने हा पैसा कोणत्या प्रकारच्या कामांवर खर्चावा, एवढेच तो सांगू शकतो.

संमती आणि समता

या दोन राज्यांची कथा शेजारी शेजारी ठेवली म्हणजे या विषयाचे मर्म हाती येते. जॉर्जियाने संमती जपली: पाच वर्षांनी मतदाराला विचारल्यावाचून एक सेंटही घ्यावयाचा नाही. पण तेथे बाजार असलेली कौंटी आणि बाजार नसलेली कौंटी यांतील अंतर या करापुरते कायम राहिले. आयोवाने समता साधली: राज्यातील प्रत्येक मूल सारख्या वाट्याचे धनी. पण तेथे मतदाराचा अधिकार आकुंचित झाला. एक राज्य मतदाराकडे अधिक पाहते, दुसरे विद्यार्थ्याकडे. दोन्ही गोष्टी पूर्णपणे एकाच वेळी साधणे सोपे नाही, हे या अनुभवाचे सार आहे.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेण्यास सुरुवात झाली, आणि त्याचा सुमारे एकतृतीयांश भाग शाळांसाठी राखून ठेवण्यात आला. खेड्यापाड्यांतील अनेक प्राथमिक शाळांना त्या आण्याचा आधार मिळाला. पण तो देणाऱ्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. तेथे दूरदृष्टी राजाची होती, मतपत्रिका नव्हती. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने शिक्षण उपकर आला, आणि तो शहरांतील घरपट्टीच्या बिलात दिसतो. केंद्र सरकारने २००४ मध्ये आपल्या करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसविला. २०१८ पासून प्राप्तिकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर घेतला जातो. या उपकरांना शिक्षणाचे नाव आहे. परंतु आपल्या रुपयातून कोणत्या गावी, कोणती भिंत उभी राहिली, हे तो भरणाऱ्याला सांगता येत नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यापासून तर एखाद्या जिल्ह्याने स्वतःपुरता वेगळा विक्रीकर बसविण्यास वावच राहिलेला नाही.

म्हणून जॉर्जियाचा कर जसाच्या तसा उचलून आणावा, असे कोणी म्हणणार नाही, आणि ते शक्यही नाही. पण त्यातील रीत घेण्यासारखी आहे. पैसा मागण्यापूर्वी कामांची यादी लोकांपुढे ठेवणे; खर्चाची कमाल मर्यादा व मुदत आधी सांगणे; दरवर्षी हिशेब वर्तमानपत्रात छापणे; उरलेला पैसा लोकांना परत करण्याची वाट ठेवणे; आणि यादीबाहेर एक पैही न खर्चणे, या गोष्टींना कायद्याची वाट पाहावी लागत नाही. गावच्या शाळेसाठी वर्गणी गोळा करणारी समिती, देणग्यांवर चालणारी शिक्षणसंस्था, जिल्हा परिषद, नगरपालिका यांपैकी कोणालाही त्या आजच अमलात आणता येतील. शाळेच्या फलकावर देणगीदारांची नावे आपण हौसेने लिहितो. त्या नावांशेजारी जमा-खर्चाचा एक स्वच्छ कागद लावण्याची प्रथा मात्र अजून सर्वत्र रुजलेली नाही.

त्याबरोबरच आयोवाचा इशाराही विसरून चालणार नाही. लोकांच्या उत्साहावर शाळा सोडून दिली, तर जेथे पैसा आहे तेथे उत्साहाला फळ येते, आणि जेथे पैसा नाही तेथे उत्साह असूनही भिंत उभी राहत नाही. धनवान गावाची लोकवर्गणी एका महिन्यात जमते. दुष्काळी गावाची दहा वर्षांत जमत नाही. अशा गावाच्या मागे सर्व समाजाने, म्हणजे राज्याने, उभे राहिले पाहिजे. संमती आपल्या हाताला धरून शाळेपर्यंत आणते; परंतु त्या शाळेचे दार प्रत्येक मुलासाठी सारखेच रुंद ठेवणे, हे समतेचे काम आहे.